मागच्या सीटवरचा ब्रेक

एक पाटी खाली उतरवायची, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो. अभयारण्याच्या वरच्या फाटकावर ती ठोकलेली होती: ‘कड्याच्या वाटेवर दोन सीटच्या सायकलींना मनाई.’ मी स्वतः ती वाचलेली नाही. मला काहीच दिसत नाही, त्याला आता बरीच वर्षं झाली. पण दोन सीटच्या सायकलवर मागे बसून या डोंगरात आमच्या मंडळातली आंधळी माणसंच येतात, दुसरं कुणी नाही. पाटी कुणासाठी आहे हे कळायला डोळे कशाला लागतात?

“ताई, तुमच्या काळजीपोटीच लावलीय हो,” असं अधीक्षक साहेब म्हणाले होते.

काळजी! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यांच्या टेबलासमोर बसून मी इतकी भांडले की शेवटी ते कंटाळले. एक फेरी करून दाखवा, म्हणाले. वरच्या फाटकातून निघायचं, कड्यावरून जायचं आणि संध्याकाळी खालचं फाटक बंद व्हायच्या आत तिथे पोचायचं. मदतीची जीप बोलावली, तर पाटी कायमची राहणार.

पुढे दादा, मागे मी. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. शाळेत भूगोल शिकवतो, आणि घरी आल्यावर उरलेलं सगळं आम्हाला शिकवतो. पुढच्याच्या हातात हँडल, गियर आणि नेहमीचे दोन ब्रेक. मागच्याने पायडल मारायचं आणि लांब उतारावर मागच्या चाकाचा ड्रम ब्रेक सांभाळायचा, म्हणजे पुढच्याचे ब्रेक तापत नाहीत. त्या ब्रेकची मूठ माझ्या उजव्या हाताशी होती. आणखी एक नियम म्हणजे पुढच्याने सतत बोलायचं. खड्डा, वळण, गियर, सगळं आधी सांगायचं, नाहीतर मागच्याचं कंबरडं मोडतं.

दादा बोलत होता, पण नको ते.

“अगं, काय निळे डोंगर दिसताहेत! एकामागे एक!”

“गियर सांग!”

“विसरलो गं.”

तोवर माझे पाय हवेत गरगरलेले असत. चढ संपता संपेना. उन्हाने तापलेल्या गवताचा वास, चाकाखाली करकरणारी खडी, मध्येच झाडांच्या सावलीचा गार पट्टा अंगावरून सरकायचा आणि परत ऊन. लोकांना वाटतं, आंधळ्यांना सहावं इंद्रिय असतं. मला उरलेली चारच जपून वापरावी लागतात. पण माथ्यावर पोचल्यावर डावीकडून मोकळा वारा अंगावर आला, तेव्हा दरी डावीकडे आहे आणि डोंगर उजवीकडे, एवढं मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि तिथेच दादाची टकळी बंद पडली.

“उतर जरा,” तो म्हणाला. “वाट अरुंद आहे. चालत जाऊ. तू माझा खांदा धर.”

आवाज भलताच गोड होता. दादा गोड बोलायला लागला की समजावं, काहीतरी शिजतंय. मी कॅरियरला बांधलेली घडीची काठी सोडवली आणि डावीकडे टेकवली. काठी खाली गेली. गेली ती गेलीच! तिला जमीन लागेना. मी पायाने एक खडा ढकलला आणि कान दिला. तो पडल्याचा आवाज आलाच नाही.

“वाट ढासळलीय,” मी म्हणाले.

“थोडीशी.”

“दादा!”

“बरं, अर्धी. अगं, तू घाबरली असतीस म्हणून—”

“घाबरायचं की नाही ते मी ठरवीन! पाय माझे आहेत! तू मला दरीच्या काठावरून चालवतोस, आणि सांगतोस काय, तर वाट अरुंद आहे?”

एका पावलाचा फरक होता, आणि तो पाऊलभर भाग माझ्यापासून लपवून ठेवला होता, माझ्याच काळजीपोटी. पलीकडे पोचेपर्यंत मी डोंगराला पाठ घासत, काठीने कड चाचपत एकटी चालले. सायकल ढकलत नेणाऱ्या दादाचा खांदा धरला नाही. परत सायकलवर बसलो ते एकमेकांशी न बोलता.

आणि उतार सुरू झाला.

सायकलने वेग घेतला. वारा कानात घोंगावायला लागला. दादाचे ब्रेक कुरकुरत होते, मग किंचाळायला लागले. मग वास आला. जळक्या रबराचा!

“ब्रेक तापलेत!” मी ओरडले. “मी माझा लावते!”

मी मूठ दाबली. मूठ सरळ हँडलला जाऊन चिकटली. ढिली! मी परत दाबली. काहीच नाही!

“दादा, माझा ब्रेक लागत नाहीये!”

पुढून बारीक आवाजात उत्तर आलं, “मी त्याची केबल सोडवून ठेवलीय.”

चाक तापून धाडकन मागची ट्यूब फुटली. सायकल सापासारखी वळवळायला लागली. डाव्या गालावर दरीचा वारा होता.

“उजवीकडे घाल! डोंगरात घाल!”

त्याने घातली. फांद्या, काटे, माती. मी कुठेतरी आपटले. चाक वरच्यावर फिरत राहिलं, मग तेही थांबलं.

पडल्या पडल्या मी आधी सगळी बोटं हलवून पाहिली. मग तोंड उघडलं. त्या झुडपात मी दादाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“तू चिडलीस की ब्रेक दाबतेस,” तो कण्हत म्हणाला. “मागच्या खेपेला भर चढात दाबलास.”

खरं होतं ते. पण एकदाच.

“म्हणून तू मला खेळण्यातला ब्रेक दिलास? सगळी वाट मी ती मूठ धरून बसलेय, दादा. वेड्यासारखी!”

तो म्हणाला, “चुकलं माझं. मला वाटलं, सगळं मीच सांभाळीन.” आणि त्याचा श्वास अडखळला. मी हात पुढे केला. त्याचं उजवं मनगट टम्म सुजलं होतं. हॉस्पिटलात मी दिवसभर लोकांचे सांधेच हाताळते. हाड जागेवर वाटलं, पण त्या हाताने ब्रेक दाबणं शक्य नव्हतं. मी माझ्या ओढणीने मनगट घट्ट बांधलं, जरा जास्तच घट्ट.

“जीप बोलावू?” त्याने विचारलं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने मला काही विचारलं होतं.

“ऊन आहे अजून?”

“आहे. पण कललंय.”

“मग ट्यूब काढ.”

त्याने एका हाताने चाक धरलं, मी ट्यूब बदलली. टायर फाटला नव्हता, नशीब! मग ड्रमची केबल बोटांनी शोधली, तिचं टोक खाचेत अडकवलं आणि नट आवळला. मूठ दाबली. चाक जागच्या जागी थांबलं.

“आता ऐक,” मी म्हणाले. “तू फक्त हँडल धरायचंस आणि बोलायचंस. जे दिसेल ते. भीती वाटेल तेही.”

“डावं वळण,” दादा म्हणाला. “तीव्र आहे. खाली खोल दरी. मला भीती वाटतेय.”

“मलाही. पुढे?”

“हळू! खडी! अजून हळू! आता सोड!”

मी दाबत होते, सोडत होते. हात भरून आला, बोटं बधिर झाली. एकदा चाक कडेला घसरलं आणि दादा “दाब!” म्हणून जिवाच्या आकांताने ओरडला. दाबला. थांबलो. निघालो. असा सगळा उतार आम्ही मुंगीच्या पावलांनी उतरलो.

खालच्या फाटकाची साखळी खळखळत होती. पहारेकरी कुलूप लावायच्या बेतात होता.

“थांबा!” आम्ही दोघंही ओरडलो.

अधीक्षक साहेब तिथेच उभे होते. त्यांनी दादाला विचारलं, “काय हो, यांना काही त्रास नाही ना झाला?”

“मला विचारा,” मी म्हणाले. “मला तोंड आहे.”

ते खाकरले. “बरं, ताई. वाटेत काही अडचण?”

दादा माझ्या कानाशी कुजबुजला, “कड्याचं आत्ता बोलू नकोस. आधी पाटी निघू दे.”

क्षणभर मलाही ते पटलं. पाटी हाताशी आली होती. मंडळातले सगळे घरी माझ्या फोनची वाट पाहत होते. पण उद्या दुसरं कुणी त्या वाटेवर सायकल घालणार होतं, आणि ती दरी त्यांच्यापासून लपवणारी मीच असणार होते. नुसत्या विचारानेच मला स्वतःचा संताप आला.

“माथ्यावर वाट अर्धी ढासळलीय,” मी म्हणाले. “डोळस माणूसही तिथून खाली जाईल.”

“अरे बापरे. मग ती बंदच करावी लागेल.”

“करा. पण सगळ्यांना. एका सीटच्या, दोन सीटच्या सायकलींना, तुमच्या जीपलासुद्धा. आणि दुरुस्त झाली की सगळ्यांना उघडा. आज आम्ही ती पार केलीय. ती जुनी पाटी आता काढा.”

“उद्या बघतो.”

“आत्ता!”

“काढा, साहेब,” दादा म्हणाला. “मोडता घातला तो मी. हिचा ब्रेक मीच सोडवून ठेवला होता. हा अख्खा उतार हिने एकटीने सांभाळला.”

साहेबांनी वरच्या फाटकावर फोन लावला. मी त्यांना स्पीकर चालू करायला लावला. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायची माझी अजिबात तयारी नव्हती. फोनमधून पावलं ऐकू आली, मग लाकडात पहार घुसल्याचा आवाज. एक खिळा किरकिरत निघाला. मग दुसरा. मग पाटी धप्पकन जमिनीवर पडली.

“निघाली बघ,” दादा म्हणाला.

“ऐकलं मी,” मी खेकसले आणि मागच्या सीटवर बसले. “आता घरापर्यंतचे खड्डे सांग.”