कपटप्पाची चादर

या खेपेला तर त्याला उलटं टांगलं होतं!

शंकरप्पांनी चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि कागद खिडकीशी नेला. लिंबाच्या फांदीला पाय बांधलेले, डोळे बटाट्यांएवढे, कान सुपांएवढे... कपटप्पाच तो! आणि खाली उभा राहून मुखवटाधारी वादळवीर त्याच्यावर छत्री रोखून गरजत होता, "थांब कपटप्पा! माझी लेक कुठाय?"

उलट्या टांगलेल्या माणसाला 'थांब' म्हणण्यात काय हशील, हे शंकरप्पांना कळेना. पण चित्र झकास उतरलं होतं, हे मात्र त्यांच्यातल्या नक्षीकाराला मान्य करावंच लागलं. त्यांनी हळूच स्वतःचे कान चाचपले आणि एक दीर्घ सुस्कारा सोडला.

वादळवीराच्या चित्रकथा चौकातल्या टपरीवर भाड्यानं मिळत. नऊ वर्षांच्या मनकर्णेनं त्या सगळ्या वाचून संपवल्या होत्या, आणि छापलेल्या संपल्यावर ती स्वतःच पुढचे भाग काढू लागली होती. छापील वादळवीराला मिशी नव्हती; मनकर्णेच्या वादळवीराला होती, डावं टोक वर गेलेली. छापील वादळवीर तलवार वापरी. हा छत्री वापरी. मिशी आणि छत्री दोन्ही तिच्या बापाची, विरुपाक्षाची. तिच्या लहानपणी घर सोडून गेलेल्या बापाची तेवढीच आठवण त्या लेकराकडे उरली होती! आणि दुष्ट कपटप्पा म्हणजे तिला वाढवणारा थोरला काका, ज्याला घरात कानडी चालीनं ती दोड्डप्पा म्हणे.

का? तर दोड्डप्पानं तिच्या अप्पांना, म्हणजे विरुपाक्षाला, घराबाहेर काढलं, हे सगळ्या गल्लीनं कानांनी ऐकलं होतं.

खरं काय ते फक्त शंकरप्पा आणि त्यांची बायको विजयमाला यांनाच ठाऊक होतं. बायको गेल्यापासून विरुपाक्षाचं घरात चित्त लागेना. विजापूर-गदगकडे फिरणाऱ्या एका नाटक कंपनीचे पडदे रंगवायला जायचं त्यानं ठरवलं. निघताना थोरल्या भावाचे हात धरून रडला होता, "अण्णा, गड्ड्याच्या जत्रेला परत येतो. पण तोवर पोरीला बाप टाकून गेला असं सांगू नको रे! तू घालवलंस म्हण!"

मग काय! म्हशीला 'हट' म्हणतानाही ज्यांचा आवाज कापायचा, त्या शंकरप्पांनी भर दुपारी ओट्यावर उभं राहून आरोळी ठोकली, "चालता हो! या घरात परत पाऊल ठेवू नको!" त्यानंतर दोन दिवस त्यांचा घसा बसला होता. सोलापूरची गड्ड्याची जत्रा भरली, उठली, पुन्हा भरली... विरुपाक्ष काही आला नाही. आरोळी तेवढी राहिली.

"आता तरी सांगा की पोरीला," विजयमालाबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या. "किती दिवस उलटं लटकणार हाय तुमी?"

"लटकतो की. मला काय त्रास होतोय?" शंकरप्पा म्हणाले. "मी दुष्ट हाय तोवर तिचा बाप शूर हाय. मी चांगला झालो की त्यो पळपुटा झाला! पोरीला बाप एवढा चित्रातच हाय, तेवढा तरी राहू दे."

असं म्हणून त्यांनी कागदाची गुंडाळी केली, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

शंकरप्पा एका चादरीच्या कारखान्याची नक्षी घरी बसून काढत. बारीक चौकटींच्या कागदावर एकेक चौकट भरायची, तशीच नक्षी मागावर उतरायची. उरलेले कागद ते मनकर्णेला देत, आणि चौकट कशी भरायची हेही त्यांनीच तिला शिकवलं होतं. पोर मोठ्या मनानं ती विद्या त्यांच्याच विरुद्ध वापरी! वादळवीर ती कोरा ठेवी, नुसत्या रेघेचा. कपटप्पा मात्र निळ्या शाईनं नखशिखांत भरून टाकी. त्या दिवशी कारखान्यात मोराची नक्षी द्यायची होती. घाईत मोर घरी राहिला आणि कपटप्पा गेला.

कारखान्यात त्या नक्षीवरून, मागाला नक्षी दाखवणाऱ्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायचं काम सिद्धलिंगप्पाचं. हा माणूस कागदाला नाक लावून बसे. भरलेली चौकट दिसली की भोक, कोरी दिसली की पुढं. मोर आहे का माकड, हे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. त्यानं इमानेइतबारे कपटप्पाला भोकं पाडली, पत्ते मागावर चढले, आणि एक थप्पी चादरी विणून झाल्यावर मालक महादेवप्पांनी घडी उलगडली.

"शंकरप्पा! ह्ये काय हाय?"

शंकरप्पांनी पाहिलं. चादरीभर तेच! चार ओळींत वादळवीर, चार ओळींत उलटा कपटप्पा, आणि प्रत्येकाखाली टपोऱ्या अक्षरांत: माझी लेक कुठाय?

"ह्यो तर तुमीच की!" सिद्धलिंगप्पा पहिल्यांदाच कागदापासून नाक दूर करून म्हणाला.

"मीच काढलंय मालक," शंकरप्पा म्हणाले. पोरीवर बोल येऊ नये म्हणून हा अपराधही त्यांनी डोक्यावर घेतला. "नवीन पद्धतीचा मोर हाय."

महादेवप्पांनी कपाळावर हात मारला, ती थप्पी दक्षिणेकडच्या एका व्यापाऱ्याच्या गळ्यात मारली आणि शंकरप्पांना महिनाभर नुसती कमळं काढायला लावली. एक चादर शंकरप्पांनी घरी आणली. ती पाहून मनकर्णा आनंदानं अशी नाचली की त्यांना स्वतःच्या फजितीचं काही वाटेनासं झालं. "आता अप्पांला दिसंल!" ती म्हणाली. ते भाबडे शब्द ऐकून शंकरप्पा मात्र चादरीची घडी घालू लागले. बाप आला तर पोर त्याची होणार... आणि आपण? आपण टांगलेलेच!

पावसाळा सरला. एका सकाळी ओट्यासमोर एक माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर तीच चादर, काखेत काळी छत्री. ओठावर मिशीचा मागमूस नव्हता.

विजयमालाबाईंच्या हातून तांब्या पडला. "विरुपाक्ष..."

मनकर्णा धावत बाहेर आली, थबकली, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मिशी कुठाय?"

"काढावी लागली गं," तो ओशाळून म्हणाला. "राणीचं काम करणारा गडी पळाला, कंपनीनं मलाच लुगडं नेसवलं..."

वादळवीर आणि लुगडं! मनकर्णेचा चेहरा पडला. पोरीनं मागं वळून धरला तो कुणाचा हात? कपटप्पाचा! "दोड्डप्पा, तुमी सांगा. ह्ये खरंच अप्पा हायत?"

शंकरप्पांचे डोळे भरून आले. एक 'न्हाय' म्हटलं असतं तर...! पण ते त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. "व्हय बाळ. तुजेच अप्पा हायत."

तेवढ्यात विरुपाक्षानं भावाचे पाय धरले. "अण्णा, विजापूरच्या लॉजमधी अंग टाकायला गेलो तर खाटेवर मीच! आनि खाली लिवलेलं, माझी लेक कुठाय... कसा झोपू रं त्याच्यावर? मनू, ह्यांनी मला घालवलं न्हाय! मीच..."

"चालता हो!" शंकरप्पा घाबरून ओरडले. इतक्या वर्षांचं पाठ केलेलं वाक्य तेवढंच होतं. "या घरात... परत पाऊल... आधी पाणी पी, मग चालता हो!"

गल्ली जमली होती, ती खो खो हसली. विरुपाक्ष हसला नाही. त्यानं चादर ओट्यावर पसरली, आणि मग ती उलटी केली. सोलापूरच्या चादरीला वाया जाणारी बाजू नसते; जे इकडे कोरं ते तिकडे भरलेलं. उलट्या बाजूला सगळे वादळवीर निळे काळवंडले होते आणि कपटप्पा... सगळेच्या सगळे कपटप्पा दुधासारखे पांढरेशुभ्र!

"खरी गोष्ट ह्या बाजूला हाय, पोरी," विरुपाक्ष रडत म्हणाला. "मी तुला टाकून गेलो. जत्रेला येतो म्हनलो आनि तोंड दाखवायची लाज वाटली. अण्णानं माजं पाप अंगावर घेतलं."

मनकर्णेनं एका पांढऱ्या कपटप्पावरून बोट फिरवलं. मग शंकरप्पांकडे वळली. "तुमी बोलला का न्हाय?"

"तुजं चित्र बिघडलं असतं की," शंकरप्पा पुटपुटले.

पोरीनं बापाचा हात धरून त्याला घरात नेलं, दोड्डव्वाच्या, म्हणजे विजयमालाबाईंच्या, हातची गरम भाकरी त्याच्या ताटात वाढली, आणि स्वतः चौकटींचा कागद घेऊन कोपऱ्यात बसली. शंकरप्पांना राहवेना. सवयीप्रमाणे ते आपले कान बघायला हळूच मागून डोकावले.

"हलू नका दोड्डप्पा!" ती डाफरली. "मिशी काढायलीय तुमाला."

"मला? मला कुठं मिशी हाय गं?"

"चित्रात असती," मनकर्णा म्हणाली आणि मिशीचं डावं टोक जपून वर नेलं. "कान तेवढे तसंच ठेवलेत. न्हायतर लोकांला कळायचं कसं, वादळवीर कोन हाय त्ये?"