झोपाळूचे उघडे डोळे

सकाळी वर्तमानपत्र उलगडलं आणि चौकशी अधिकारीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्याच पानावर एका शिपायाचा छातीपर्यंतचा फोटो होता. बिल्ल्यावरचा नंबर स्वच्छ वाचता येत होता, खाली एका खुर्चीची पाठ डोकावत होती. मथळा होता : ‘घरभेदी शिपाई’.

कोठडीत तिघा पोलिसांनी एका काळ्या हमालाला त्याच्या रंगावरून शिव्या देत मारलं होतं. त्याचा एक कान कायमचा गेला. पाहणाऱ्यांपैकी हा एकच शिपाई बोलायला तयार झाला, तोही नाव गुप्त ठेवायच्या अटीवर. आज चार वाजता त्याची साक्ष होती. तो फिरला, की हमालाचं प्रकरण मिटलंच.

फोन वाजला. शिपाईच होता.

“मॅडम, दाराला कुणीतरी काळा रंग फासून गेलंय. बायको मुलीला घेऊन माहेरी निघालीय. तुम्ही म्हणाला होतात, माझं नाव तुम्हा तिघांपलीकडे जाणार नाही.”

“मी शब्द पाळलाय.”

“मग उरले दोघं,” म्हणून त्यानं फोन ठेवला.

दोघं म्हणजे टायपिस्ट आणि उपप्रमुख साहेब. साहेब म्हणजे बाईंचे काका. रक्ताचे नव्हेत, मायेचे. काळ्या वस्तीतून खात्यात आलेल्या बाई पहिल्याच. अकरा वर्षं काकांनीच त्यांना बोट धरून वर आणलं होतं. वर्णभेदाविरुद्धचं प्रशिक्षणही त्यांनीच सुरू केलं होतं.

बाईंनी टायपिस्टला बोलावलं.

“बातमी लिहिणारा तुझा मावसभाऊ ना?”

“हो. दोन वर्षं आमचं बोलणं नाही. आणि असतं, तरी हा फोटो मी आणणार कुठून? माझ्याकडे सगळ्यांकडे आहे तोच.”

तिनं ड्रॉवरमधून प्रशिक्षणाच्या वर्गाचा फोटो काढला. मधल्या खुर्चीत काका बसलेले. त्यांच्यामागे शिपाई, डोळे गच्च मिटलेले.

“याच फोटोपायी बिचाऱ्याला झोपाळू नाव पडलं,” टायपिस्ट म्हणाली.

बाईंनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. भिंत तीच, गणवेश तोच. शिपायाच्या खांद्यावरचा काळा हातही तोच, बाईंचा स्वतःचा. वर्तमानपत्रात तो मनगटाशी कापला होता.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग दोन्ही फोटो घेऊन जिना चढल्या.

काका चष्मा पुसत होते. “वाचलं, पोरी. वाईट झालं. टायपिस्टला विचारलंस?”

“विचारलं. काका, फोटोग्राफरनं त्या दिवशी एकच फोटो काढला. त्यात झोपाळूचे डोळे मिटलेले आहेत. छापून आलाय त्यात उघडे आहेत. म्हणजे हा दुसरा फोटो.”

“बावीस जण होते. कुणीही काढला असेल.”

“वर्गाच्या फोटोत त्याचा बिल्ला दिसत नाही. पुढे तुमचं डोकं आहे. यात बिल्ला दिसतो आणि खुर्चीची नुसती पाठ दिसते. खुर्चीतला माणूस उठला होता. ‘एक माझ्याही फोनमध्ये राहू दे’ म्हणत समोर जाऊन उभा राहिला होता.”

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला नाही.

“खात्याची अब्रू जात होती,” ते सावकाश म्हणाले. “आणि उद्या तुलाच म्हणाले असते, आपल्या रंगाच्या माणसासाठी हिनं खातं पेटवलं. तुझ्या लोकांचं काय, आज ओरडतील, उद्या विसरतील. मी तुला वाचवत होतो.”

तुझ्या लोकांचं. हे शब्द त्यांच्या तोंडी आजच आले, का आधीही यायचे आणि आपण ऐकले नाहीत? बाईंना काही केल्या आठवेना.

“म्हणून माझा हात कापलात?”

“तुझं नाव यायला नको होतं.”

“केसानं गळा कापतानाही काळजी घेतलीत.”

बाईंनी तिथूनच शिपायाला फोन लावला. “कुणी केलं ते कळलं. उपप्रमुख साहेबांनी. त्यांचा जबाब आत्ता घेतेय. तुम्ही चारला नाही आलात, तरी बोल लावणार नाही.”



“त्यांनीच मला सांगितलं होतं, खरं बोलायला घाबरू नकोस म्हणून,” शिपाई म्हणाला. “येतो, मॅडम. दार घरी परतल्यावर घासेन.”

बाईंनी वही उघडली. काका उठायला लागले.

“बसून राहा, साहेब,” बाई म्हणाल्या.

अकरा वर्षांत बंद दाराआड त्यांनी काकांना साहेब म्हटलं नव्हतं. काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खाली बसले.

“आधी पूर्ण नाव सांगा.”