कूलंट जातं कुठं?

बेंगळुरात येलहंक्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक लाल गाडी बॉनेटमधून वाफा सोडत उभी होती, आणि एक मुलगी ओढणीचा बोळा करून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाली होती. हयवदनने स्कूटरवरून ते पाहिलं. गाडीला पुण्याची नंबरप्लेट होती, म्हणून की काय, त्याच्या तोंडून थेट घरची मराठी बाहेर पडली.

“अक्का, नको! हात नको लावू! पोळतंय ते!”

हात जागच्या जागी थांबला. आत उकळतं पाणी दाबून बसलंय, झाकण काढलं की तोंडावर उडेल, हे त्याने धापा टाकत सांगितलं. “स्वल्प थांबायचं. इंजिन निवू दे.”

“किती स्वल्प?” ती खळखळून हसली. “आणि अक्का कोणाला म्हणालात हो?”

झालं! हयवदनने तोंडाला कुलूप लावलं. बेंगळुरात भाजीवालीपासून बँक मॅनेजरपर्यंत सगळ्या अक्काच, पण हे पुण्याच्या माणसाला कोण सांगणार? त्याचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलं, मराठीत कन्नड मुरलं. मागे पुण्याची एक मुलगी बघायला गेला होता, तर तिच्या घरचे त्याच्या मराठीला पोट धरधरून हसले होते. तेव्हापासून पुणेकर दिसला की तो इंग्रजीत शिरायचा.

ती मात्र हुशार निघाली. “मी मराठीला नाही हं हसले,” ती हळूच म्हणाली. “अक्का झाले म्हणून हसले. मी आसावरी.”

करंजाच्या झाडाखाली दोघं चहा पीत इंजिन निवायची वाट पाहत राहिले. बारीक भुरभुर चालू होती. इंजिन लवकर निवू नये असं हयवदनला वाटलं... आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचा रागही आला. होज पाइपला चीर पडून इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळून गेलं होतं. गॅरेजवाल्याने पाइप बदलला. जाताना तिने हयवदनचा नंबर घेतला. प्रकरण मिटलं.

पण पुढच्याच रविवारी तिचा फोन आला. “कूलंट परत कमी झालंय.”

ती राहायची शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, ट्रॅफिकने तुंबलेल्या बेळ्ळंदूरला. येलहंक्याहून तिथे आपखुशीने जाणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर प्रेमात पडलेला. हयवदन गेला. पाइप कोरडा, खालची फरशी कोरडी, इंजिनही ठणठणीत. त्याने कूलंट भरलं, कॉफी घेतली, परत आला. त्यानंतर दर रविवारी टाकीतली पातळी खाली, कॉफीचा कप समोर आणि गप्पा मात्र वरवरच्या.

एका रविवारी तो कूलंट ओतत असताना ती म्हणाली, “ऑफिस पुण्याला परत ये म्हणतंय. उद्या उत्तर द्यायचंय.”

थोडं कूलंट बाहेर सांडलं.

“सरी,” तो म्हणाला, म्हणजे कन्नडमधलं ‘बरं’.

अशा माणसाला काय करावं! ती आत गेली आणि हिरव्या पाण्याने भरलेली बाटली आणून तिने बॉनेटवर आपटली.

“हे घ्या तुमचं कूलंट. कुठेही गळत नाही. मीच काढते, सिरिंजने. इतके रविवार!”

“ठाऊक होतं की.”

“काय? कधीपासून?”

“पहिल्या रविवारपासून.” हयवदन विमा कंपनीत गाड्यांचे दावे तपासायचा, खोटा दावा त्याला लांबून ओळखू यायचा. “गळती असली की डाग राहतोच, अक्का.”

“मग तेव्हाच का नाही पकडलंत?”

तो बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

“पकडलं असतं तर... तुम्ही परत बोलावलं नसतं.”

बाजूच्या रिंग रोडवर हॉर्नचा गोंगाट चालला होता, पण त्याला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

“मग उद्या काय सांगू त्यांना?” तिने विचारलं.

पुणेकर मराठी जुळवायचा त्याने एकदा प्रयत्न केला. जमेना. मग घरचीच बाहेर आली, पहिल्या दिवशी आली होती तशी.

“आसावरी, नको. नको जाऊ!”

तिचे डोळे भरले होते, आणि हसूही आवरत नव्हतं. “आज अक्का कुठे गेली?”

“अक्का जाऊ दे पुण्याला,” हयवदन म्हणाला. “तू राहा.”