रेकॉर्डवर नसलेला भाग

मी लोकांचे कान तपासतो. माणसाला काचेच्या छोट्या खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक आवाज सोडत जायचं. ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. काही जण आवाज नसतानाही दाबतात. लबाडी नसते ती. वाट बघणाऱ्या कानाला शांतता सोसत नाही, तो आपलं आपणच काहीतरी ऐकून घेतो. अशा वेळी मी जरा थांबतो आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून घेतो. उभा जन्म यात गेल्यावर 'मला ऐकू आलं' या वाक्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही.

त्यावरून बायकोशी माझा एक वाद होता, लग्नाइतकाच जुना.

तिच्याकडे एका पडलेल्या सिनेमाच्या पार्श्वसंगीताची रेकॉर्ड होती. दुसऱ्या बाजूचा शेवटचा तुकडा म्हणजे तिचा जीव की प्राण. एक क्लॅरिनेट, मागे व्हायोलिनं. सूर हळूहळू चढत जातो आणि बोलता बोलता कुणी वाक्य टाकून उठून जावं तसा थांबतो. सुई खरखरायला लागली की ती म्हणायची, "इथे नाही संपत हे. सिनेमात पुढे आहे. एक बाई गुणगुणते."

तो सिनेमा तिने शाळकरी वयात पाहिला होता. तिची आई नुकतीच गेली होती आणि मन रमावं म्हणून मावशी तिला थिएटरात घेऊन गेली होती.

"लहान होतीस," मी म्हणायचो. "दुसऱ्या कुठल्यातरी सिनेमातलं असेल."

"जगाचे कान तपासतोस, बायकोचं तेवढं ऐकत नाहीस."

यावर दोघंही हसायचो आणि वाद तिथेच मिटायचा.

मग तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. कामं करताना गुणगुणायची तिची सवय होती. शेवटी शेवटी ओळ पुरी व्हायच्या आत दम तुटायचा, आणि तुटला की ती माझ्याकडे नि पोरीकडे बघून अपराध्यासारखी हसायची. एका सकाळी मी रेकॉर्ड लावली. तुकडा संपल्यावर ती म्हणाली, "पुढचं एकदा ऐकायला मिळालं असतं ना, तर बरं झालं असतं." मी लगेच शोधाला लागलो. सिनेमा हाती लागायच्या आत तीच हातची गेली.

त्यानंतर शोध सोडून द्यायला हवा होता. पण घरात दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आमची पोरगी पुलांचे आराखडे करते. मोजमापात न बसणारी गोष्ट तिला पटत नाही, या बाबतीत ती माझ्या वळणावर गेली आहे. "बाबा, नाद सोड," ती दोनतीनदा म्हणाली. मग एका रविवारी स्वतःच म्हणाली, "चल, कुठे जायचंय सांग. गाडी मी काढते."

इंटरनेटवर सिनेमा कुठेच नव्हता. वितरकाचं ऑफिस कधीच बंद पडलं होतं आणि प्रती भंगारात गेल्या होत्या. शेवटी जुन्या रेकॉर्डींचा एक दुकानदार भेटला. त्याने तो सिनेमा पाहिला होता. रेकॉर्डचं नाव काढताच त्याचा चेहरा खुलला.

"सिनेमातला तुकडा मोठा आहे. पुढे गुणगुणणं आहे."

म्हणजे तिचं खरं होतं. "हो, तीच बाई," मी म्हणालो.

"बाई नाही हो. म्हातारा माणूस आहे. जाड आवाज, जरासा बेसूर." तो हातातलं कव्हर उगाच पुसत राहिला. "आमचे वडील दाढी करताना असंच गुणगुणायचे. ते गेले आणि महिन्याभराने मी सिनेमा पाहिला, म्हणून ध्यानात राहिलं."

रस्त्यावर आल्यावर पोरगी म्हणाली, "दोघांनीही दुःखात पाहिलाय, बाबा. हे तुझ्याच क्षेत्रातलं आहे." ती बरोबर बोलत होती. मीही तिला तेच सांगितलं असतं.

दुकानदाराने सिनेमाच्या संकलक बाईंचा पत्ता दिला होता. शहराबाहेर, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बाई वयस्कर, ताठ, केस अगदी बारीक कापलेले. मी कशासाठी आलोय ते सांगितलं, तेव्हा दाराची कडी त्यांच्या हातातच होती.

"कोण गेलं तुमचं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्या बाजूला झाल्या.

मागची खोली एका टेबलाने भरून टाकली होती. सिनेमा जोडायचं टेबल. वर आडव्या थाळ्या, मधे वहीएवढा पडदा, शेजारी बारकासा स्पीकर. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. बाईंनी पडदे ओढले. व्हिनेगरसारखा आंबूस वास होता. जुनी फिल्म खराब होऊ लागली की असा वास सुटतो, त्या म्हणाल्या.

"आधीच सांगते, म्हणजे नंतर गैरसमज नको. त्या प्रसंगाला संगीतच नाही. संगीतकाराने सुंदर तुकडा केला होता, तो रेकॉर्डवर आला. पण मी आणि दिग्दर्शकाने प्रसंग मुका ठेवला. त्यावरून संगीतकार आमच्याशी पुढे कधी बोलला नाही."

"पण माझ्या बायकोने ऐकलं. त्या दुकानदारानेही."

"बरेच जण येऊन सांगून गेलेत." त्यांनी दोन फिती काढल्या आणि समजावून सांगितलं. एकीवर चित्र, दुसरीवर आवाज. दोन्ही शेजारी शेजारी चालतात. आवाजाच्या फितीचा तो भाग त्यांनी पोरीच्या हातात दिला. नुसती कोरी पट्टी. पोरीने ती उजेडाला धरून पाहिली, नखाने चाचपली आणि मान डोलावली.

"आवाजाची फीत मी लावतच नाही," बाई म्हणाल्या. "स्पीकरही बंद करते. बघा."

त्यांनी वायर उपसून टेबलावर ठेवली. खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसल्या.

"तुम्ही नाही बघत?" पोरीने विचारलं.

"माझं माणूस गेल्यावर मी एकदा बघितलंय," त्या म्हणाल्या.

चित्र सुरू झालं. एक बाई घर बंद करून निघाली आहे. खिडक्या लावते. खुर्च्यांवर चादरी टाकते. नळ घट्ट पिळते, पुन्हा एकदा पिळून बघते. थाळ्यांची घरघर सोडली तर खोलीत आवाज नव्हता. मी मनातल्या मनात रेकॉर्ड वाजवून पाहिली, मुद्दाम. मनातलं वाजणं कसं असतं ते मला माहीत आहे. ते कपाळामागे असतं.

मग क्लॅरिनेट लागला, आणि तो कपाळामागे नव्हता. डाव्या बाजूने येत होता, पडदे ओढलेल्या खिडकीच्या दिशेने.

मी एक कान बोटाने बंद केला. सूर निम्मा झाला. दुसरा बंद केला. गेला. बोटं काढली. परत आला.

रेकॉर्ड जिथे संपते ती जागा आली. सूर चढला. थांबला नाही.

पुढे गेला.

आणि ती गुणगुणू लागली.

आजाराआधीचा आवाज होता. ओळ सुरू व्हायची, लांबत जायची, वळून खाली यायची, आणि तरी श्वास शिल्लक असायचा. शेवटच्या महिन्यांतला तुटका आवाज माझ्या कानांत इतका बसला होता की तिचा खरा आवाज मी विसरून गेलो होतो. तो असा होता. मी रडत होतो आणि मला बरंही वाटत होतं. पडद्यावरच्या बाईने दिवा मालवला. तो प्रसंग संपू नये, एवढंच मला वाटत होतं.

मग दुसरा आवाज आला.

तरुण. जरा खालच्या पट्टीत. ती एक ओळ म्हणायची, हा दुसरी.

मी ओळखला. ओळखायला वेळ लागला नाही.

मी शेजारी पाहिलं. पोरगी हनुवटी तळव्यावर टेकून पडद्याकडे बघत होती. ओठ मिटलेले. गळ्याची शीरसुद्धा हलत नव्हती.

दोन्ही आवाज गातच होते.

पडद्यावर दार लागलं. फीत सुटून फडफडली.

"काय शांत आहे ना," पोरगी हळूच म्हणाली. "आईला आवडला असता हा प्रसंग असाच." मग तिचं माझ्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि तिने माझा हात धरला. तिचा हात उबदार होता. मी तो सोडला नाही.

बाईंनी खुर्ची वळवली. "ऐकलंत?"

"हो."

"बायको?"

"हो."

"एकटीच ना?"

हा प्रश्न त्यांनी फितीचं टोक शोधत विचारला, माझ्याकडे न बघता.

"एकटीच," मी म्हणालो.

त्यांचे हात थांबले. त्यांनी मला पाहिलं, मग पोरीला पाहिलं, बराच वेळ. मग उठल्या, आतून पाण्याचा ग्लास आणून तिला दिला आणि तिचं पिणं होईपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला नाही विचारलं पाणी.

दारात त्या तिला म्हणाल्या, "गाडी सावकाश चालव, बाळा."

"नेहमीच चालवते," ती हसून म्हणाली.

परतीच्या रस्त्याला ऊन उतरत होतं. रहदारी फारशी नव्हती. मी तिला म्हणालो, काही दिवस घरी राहायला ये. ती म्हणाली, "येईन की, बाबा. तू जरा डोळे मिट, दमलायस." मी मिटले नाहीत. रस्त्याकडे बघत राहिलो, प्रत्येक वळणाकडे, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे. ती व्यवस्थित चालवत होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

काही वेळाने ती गुणगुणू लागली. रेकॉर्डवर नसलेला भाग. गुणगुणतोय हे तिच्या ध्यानातही नसावं. ओळ संपली की ती थांबायची, मान किंचित कलती करून, समोरच्याला त्याची ओळ पुरी करू द्यावी तशी. गाडीत काही आवाज नसायचा.

मग ती पुढची ओळ उचलायची. दर वेळी बरोबर जागेवर.