सनोबरच्या वळणावरचं फूल

ती फुलं आधी माझ्या समोरून उचला. गवताच्या भाऱ्यासारखी मोटारसायकलला बांधून आणलीत, फोटो काढून झाले, आता बघा कशा माना टाकल्यात त्यांनी. रानखसखस खुडली की घरी पोचेपर्यंत मरते, एवढीही अक्कल नाही तुम्हाला. जसूर, हसू नकोस. चहा ओत आणि ऐक. एर्गशचा मुलगा एल्दोर माहीत आहे ना? तोच तो, शहरात मोबाइलचं दुकान टाकलेला, गावात आला की काळा चष्मा न काढणारा. हे त्याच्याबाबतीत घडलंय. त्यानंच माझ्या ओसरीवर बसून सांगितलं. तेव्हा चष्मा नव्हता डोळ्यांवर.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरोजनंतरचा तिसरा गुरुवार. एल्दोर सिलिंडर भरून आणायला बाजारगावी निघाला होता. एर्गश त्या हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलेला. त्यानं आणि मी उभा जन्म एका ट्रकवर काढला. दर वसंतात तो त्या दर्ग्याच्या टेकडीखालच्या वळणावर ट्रक थांबवायचा. वर त्याची पोर पुरलेली आहे, सनोबर. एल्दोरच्या आधीची, सहा-सात वर्षांची असताना गेली. आणि खाली रस्त्याच्या दोन्ही कडांना ही फुलं... गव्हाच्या बांधावर, खडीच्या ढिगावर, डांबराच्या भेगेतसुद्धा. मी उशीर होतो म्हणून शिव्या द्यायचो, पण किटली घेऊन आधी मीच उतरायचो. तासभर बसायचो आम्ही. नुसते बघत. एक फूल खुडायचा नाही एर्गश.

तर त्या दिवशी तो मुलाला म्हणाला, "जाताना मलाही ने रे. वळणावर बसव थोडा वेळ, येताना उचल. एवढा एक वसंत बघतो."

एल्दोर काय म्हणाला ठाऊक आहे? "बाबा, पुढच्या सीटवर सिलिंडर ठेवू की तुम्हाला? रानटी गवत ते, त्यात काय बघायचंय! मोबाइलवर व्हिडिओ काढून आणतो. झोपल्या झोपल्या बघा."

म्हातारा भिंतीकडे वळला. आणि या शहाण्यानं सिलिंडरला पट्टा बांधून आणला. बापाला जागा नव्हती, सिलिंडरला पट्टा होता.

परत येताना तिन्हीसांजा झाल्या. शहरातल्या गाड्या निघून गेलेल्या. तुमच्यासारखेच दळभद्री, फुलांत लोळून फोटो काढणारे. नुसता चोथा करून ठेवला होता. एल्दोर वळणावर थांबला, काच खाली केली, आणि बसल्या जागेवरून व्हिडिओ काढायला लागला. खाली उतरायचेही कष्ट नकोत.

मोबाइलमध्ये त्याला एक पोरगी दिसली. फुलांतून येत होती. खिडकीपाशी आली आणि तिनं एक फूल पुढे केलं.

आपल्याकडे वसंतात पोरं दारोदार फुलं घेऊन येतात, त्यातलीच कुणीतरी असेल असं त्याला वाटलं. हात सवयीनंच पुढे गेला. फूल घेतलं, एका डोळ्याला लावलं, दुसऱ्या डोळ्याला लावलं. पुढे काय करायचं, जसूर?

"परत द्यायचं. सोबत नानचा तुकडा, गोळ्या, काहीतरी."

बरोबर. शेंबड्या पोरालाही कळतं. या दीडशहाण्यानं ते फूल पुढच्या काचेपाशी टाकलं. म्हटलं, चला, बापाला द्यायला झालं. पोरीचा हात तसाच पसरलेला.

"काय पाहिजे गं? रस्त्यावरच्या गवताचे पैसे देऊ का तुला? कुणाची तू? पळ घरी."

पोरीनं हात मागे घेतला नाही. यानं काच वर केली आणि गाडी काढली.

अंधार पडला होता. गुरुवार, म्हणजे घरोघरी कढईत तेल तापलेलं, आपल्या मेलेल्यांना वास पोचावा म्हणून. लांबूनही येतो तो वास. पुढच्या वळणावर दिव्यांच्या उजेडात कुणीतरी उभं होतं.

लहान. हात पसरून.

यानं वेग वाढवला. पुढचं वळण.

तीच.

त्याच्या पुढचं वळण... तिथं कुणी नव्हतं. हायसं वाटलं त्याला. श्वास सोडला. तेवढ्यात शेजारी कट् असा आवाज झाला.

पट्टा सुटला होता.

त्यानं बघितलं नाही. म्हणे मान वळेना. नुसतं डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं... सिलिंडरवरून एक हात पुढे आलेला. एवढासा. तळवा वर.

"घे," तो म्हणाला. "घे बाई, तुझं तुला..."

काचेपाशी चाचपलं. फूल नव्हतं.

हातही नव्हता.

घराशी पोचला तर त्याची बायको नफिसा दारातच उभी. हाताला पीठ. म्हणाली, "बाबा आत्ताच गेले. चांगले बोलत होते हो. नान मागितली. चार दिवस अन्नाला शिवले नव्हते, म्हणून मी धावत जाऊन आणली. तर म्हणाले, खायला नको गं, द्यायला हवी. मी चहा आणायला वळले, आणि..."

एल्दोर तसाच माझ्याकडे आला. सगळं ओकला. मला म्हणतो, "काका, ती कोण होती?" मी म्हटलं, तुझ्या मोबाइलला विचार. अजूनही विचारतो. अजूनही नाही सांगत मी. बापाला वळणापर्यंत नेता आलं नाही ज्याला, त्याला कशाला सांगायचं?

तुम्हाला सांगतो. शुक्रवारी सकाळी एर्गशला आंघोळ मीच घातली. महिनोन्‌महिने तो माणूस त्या खोलीबाहेर पडला नव्हता. घरात फुलाची पाकळी नव्हती, नफिसाला विचारलं मी. तोंड धुवायला कापूस फिरवला, तर कापूस काळा झाला.

फुलाच्या मधली भुकटी असते ना... बघ, तुझ्या बोटांना लागलीय, जसूर. तीच.

उजव्या पापणीवर. मग डाव्या पापणीवर. बाकी चेहऱ्याला कुठे कण नाही.

मी कापूस बाजूला ठेवला. उरलेलं पुसलं नाही. तसंच जाऊ दिलं त्याला.