झिजलेली बाजू

जुना दगड बागेत वापरायचा तर माझा नियम साधा आहे: झिजलेली बाजू खाली. वर्षानुवर्षं चालून चालून दगड गुळगुळीत झालेला असतो, पाणी पडलं की पाय सटकतो. उलटा बसवला की खरखरीत बाजू वर येते. बागा आखणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकांना हे इतक्यांदा ऐकवलं होतं की बायको मला झोपेतून उठवून विचारायची, "बाजू कुठली?" आणि मी म्हणे डोळेही न उघडता "खाली" म्हणायचो.

ती गेली, आणि पाठोपाठ आमचं जुनं घर रस्तारुंदीत गेलं. परसातल्या वाटेचे दगड तेवढे मी काढून आणले. जवळच्याच टेकडीचा मऊ, तांबूस दगड. आता ती खाण बंद आहे. नव्या घरामागे, दारापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत तीच वाट पुन्हा करायची होती.

ताई म्हणत होती, माझ्याकडे राहायला ये, एकटा राहून वाळून जाशील. मी म्हटलं, वाट पुरी होऊ दे, मग बघू.

गवंड्याने पहिला दगड हातात घेतला आणि थांबला. "साहेब, ह्याच्यावर कुणीतरी डावा पाय ओढत चालायचं."

घोटा मोडल्यापासून ती तशीच चालायची.

"सुलटा बसवू का?"

"खाली," मी म्हटलं.

मला ते रोज बघायचं नव्हतं. तसं त्या दिवसांत मला काहीच जाणवत नव्हतं. रडू येत नव्हतं. आमटीत मीठ नसलं तरी कळत नव्हतं.

वाट झाल्यावर एका सकाळी अनवाणीच दोरीपर्यंत गेलो. मधल्या दगडावर तळव्याला खालून हलका ठोका लागला. मग काहीतरी घासत पुढे सरकल्यासारखं वाटलं. दगड डुगडुगतोय म्हणून वाकून हलवून पाहिला. घट्ट होता.

दुसऱ्या दिवशी तो ठोका माझ्याबरोबर चालत आला. मी थांबलो की थांबायचा. तळव्याला तळवा लावून कुणी खालून चालावं, तसा.

घाबरायला हवं होतं. पण कितीतरी दिवसांनी मला काहीतरी लागलं होतं. मी सकाळ-संध्याकाळ चालू लागलो. नंतर कामावर जाणंही सोडलं.

पावसाळा सरता सरता ताई आली, मला घेऊन जायचं ठरवूनच. मागच्या दारात उभी राहून म्हणाली, "इकडे फिरकत नाहीस वाटतं."

"रोज चालतो."

"ह्याच्यावर?"

मी खाली पाहिलं. सगळ्या दगडांवर शेवाळ चढलं होतं, गादीसारखं, अखंड. चालत्या वाटेवर शेवाळ धरत नाही, हे मीच लोकांना सांगत आलोय. आणि सकाळीच मी इथून जाऊन आलो होतो.

पहार आणून मधला दगड उलथला.

डावीकडे तिची झीज होती. ओळखीची.

तिच्या शेजारी, उजवीकडे, दुसरी होती. रुंद आणि ताजी. दगडाची पूड अजून तिच्यात होती.

"हे कुणाचं रे?" ताईने विचारलं.

मी चप्पल काढली आणि त्यात पाय ठेवून पाहिला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत बरोब्बर बसला.

ताईने माझा दंड धरला. तिची बोटं रुतलेली दिसत होती. मला काही जाणवलं नाही.

"आत्ताच निघायचं," ती म्हणाली. "मी तुझे कपडे भरते. आणि तो दगड तसाच राहू दे. बसवू नकोस."

ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.

दगडाखालच्या मातीतून हलका ठोका आला. मग घासल्यासारखं झालं. मग शांत.

"येतोस ना?" ताईने आतून विचारलं.

"आलोच," मी म्हटलं, आणि दगड उचलून जागेवर ठेवला. झिजलेली बाजू खाली.