अलार्मकाका, रांगून दाखवा!

“सूड घ्यायचा! माफी-बिफी काही नाही, सरळ सूड!” चिंगीने पोहण्याची पिशवी कोपऱ्यात भिरकावली.

“कुणाचा?” तिच्या धाकट्या भावाने, गुंड्याने, विचारलं.

“ते अजून ठरायचंय. पण घ्यायचा!”

तिचं डोकं भडकायला कारणही तसंच होतं. सुट्टी लागल्या लागल्या बाबांनी घरात चोरांसाठी अलार्म बसवून घेतला होता. सगळे बाहेर पडताना तो चालू करायचा, मग आत कुणी हललं की भिंतीवरच्या सेन्सरला ते कळणार आणि भोंगा बोंबलणार. आणि बोंबलला की! आठवड्यात तीनदा, तोही भर दुपारी. चोर एकदाही नाही. घरात होता फक्त ढब्बू, त्यांचा जाडजूड, पिवळट, महाआळशी कुत्रा. खालच्या मजल्यावरच्या जजआजोबांची झोप तिन्ही वेळा उडाली, ते तणतणत तक्रार घेऊन वर आले. बाबांनी दुकानदाराला फोन लावला, तर तो म्हणतो कसा, “साहेब, हा सेन्सर कुत्र्यांच्या घरांसाठीच बनवलाय. तुमचा कुत्राच वात्रट, धुडगूस घालत असणार!”

आणि बाबांनी ते खरं मानलं! रविवारी सकाळी एक गोदामवाला येऊन ढब्बूला नेणार होता, गोदामात साखळीला बांधायला. आज शुक्रवार होता.

“ढब्बू आणि धुडगूस?” मीटर हसला. मीटर म्हणजे शेजारच्या शिलाईवाल्या मावशींचा मुलगा. आईची टेप सदा याच्या गळ्यात, म्हणून हे नाव. “तो पाणी प्यायला उठतानासुद्धा दोनदा विचार करतो!”

“चला दुकानात,” चिंगी म्हणाली. “ढब्बूलाही घ्या.”

“त्याला कशाला?”

“आरोपी हजर नको?”

दुकानात एक नवरा-बायको अलार्म बघत होते. त्यांच्याकडेही कुत्रा होता आणि बाईंना शंका येत होत्या. दुकानदार, म्हणजे मुलांचे अलार्मकाका, भलतेच रंगात आले होते. “कुत्र्याचं काय घेऊन बसलात, वहिनी! हे बघा!” असं म्हणून त्यांनी चक्क जमिनीवर हात टेकले आणि काउंटरपासून दारापर्यंत रांगत गेले. वर “भू भू!” पण केलं. सेन्सर गप्प! मग ते ताडकन उभे राहिले, तसा भोंगा वाजला. नवरा-बायकोंनी टाळ्या वाजवल्या. ही काकांची रोजची करामत होती, आणि तिचा त्यांना केवढा तोरा!

अलार्म पुन्हा चालू झाला. तेवढ्यात चिंगीने दारातून हळूच ढब्बूचा पट्टा सोडला. ढब्बू डुलत डुलत आत गेला, काउंटरखाली हुंगून परत आला. भोंग्याने हूं की चूं केलं नाही.

“खोका बघ!” गुंड्या कुजबुजला. “आपल्या घरचाच सेन्सर! मग घरी का बोंबलतो?”

मीटर मान वर करून बघत होता. “चिंगे, हा केवढा उंच आहे! तुमच्याकडचा तर माझ्या छातीला येतो.”

काकांनी अलार्म बंद केला, नवरा-बायको पैसे द्यायला काउंटरकडे वळले, तशी मीटरने स्टुलावर चढून टेप लावली. दोन मीटर वीस! चिंगीने फळीवरचं माहितीपत्रक उचललं, तिघं धावत घरी आले आणि घरचा सेन्सर मोजला. एक मीटर वीस! पत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं: दोन मीटरच्या वरच बसवा. खाली बसवल्यास कुत्राही माणसाएवढा भासेल.

“अगं!” गुंड्याने कपाळावर हात मारला. “बसवायला आले तेव्हा शिडी अलार्मकाकांच्या गाडीच्या टपावर बांधलेली होती! मी म्हटलं, वर आणायला मदत करू का? तर म्हणाले, राहू दे रे बाळा, कोण सोडत बसतंय, इथेच ठोकतो!”

चिंगीचे कान लाल झाले. “आळस याचा आणि शिक्षा ढब्बूला? कळलं आता, सूड कुणाचा ते!”

“बाबांना सांगून टाकू ना,” मीटर म्हणाला.

“म्हणजे बाबा फोन करणार, हा गोड बोलणार, आणि बाबा पुन्हा पाघळणार! छे! ढब्बूची अब्रू सगळ्यांसमोर गेली, याचीही सगळ्यांसमोरच जायला हवी.”

मग तिने मधाळ आवाजात फोन लावला. “काका, आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना तुमचा अलार्म बघायचाय. ते रांगून दाखवता ना, ते दाखवाल?”

शनिवारी संध्याकाळी काका कडक इस्त्रीची पँट घालून हजर! चिंगीने आई-बाबांसह सगळ्यांना दाराबाहेर जिन्यापाशी उभं केलं. पुढे खुर्चीवर जजआजोबा, मागे शिलाईवाल्या मावशी आणि निम्मी बिल्डिंग. अलार्म चालू झाला. काकांनी ऐटीत हात टेकले आणि ते एक पाऊल रांगले.

भोंगा असा काही बोंबलला, की आजोबांनी कान झाकले!

“कुत्रा! आत कुत्रा असणार!” काका ओरडले.

“तो आमच्याकडे घोरतोय,” मीटर म्हणाला.

“परत दाखवा ना, काका,” चिंगी गोड हसली.

परत रांगले, परत बोंब. तिने तिसऱ्यांदा रांगायला लावलं. ढब्बूवर आळ तीनदा आला होता, मग एकदाही कमी कशाला? इस्त्रीची पार वाट लागली.

“काका, तुम्ही फारच वात्रट दिसता! बाबा, यांनाही पाठवायचं का गोदामात?”

जिन्यात हशा पिकला. चिंगीने पत्रक आजोबांच्या हातात दिलं, मीटरने टेप लावली. आजोबांनी चष्म्यावरून बघितलं. “हे वाचलं होतंत?”

“जरा घाई होती...”

“आणि शिडी?”

“ती गाडीच्या टपावरच बांधलेली होती!” गुंड्याने साक्ष दिली.

“मग आणा आता!”

काका घामाघूम होऊन शिडीवर चढले. खाली चिंगी कमरेवर हात ठेवून उभी. “कुत्रा केवढा आहे, कधी विचारलंत? सोफ्यावर चढतो का, विचारलंत? तेवीस किलो आहे आणि चढतो! सोफ्यापासून लांब बसवा. आणि खिडक्यांना चुंबकवाले सेन्सर लावा, ते खिडकी उघडली तरच वाजतात. घरात कुत्रा नाचला तरी चालतं!”

काम झाल्यावर अलार्म लावून ढब्बूला आत सोडलं. तो खोलीभर फिरला, सोफ्यावर चढला आणि आडवा झाला. भोंगा चिडीचूप!

“पस्तीस वर्षं न्यायाधीश होतो,” आजोबा म्हणाले, “पण अशी उलटतपासणी क्वचितच पाहिली. शाबास रे पोरांनो! पुरावा न बघता तक्रार केली, ते माझंही चुकलंच.”

“चिंगे, कमाल केलीस!” बाबाही पुढे झाले. “चला, सगळ्यांना आइस्क्रीम!”

“आधी फोन,” चिंगी म्हणाली.

बाबांनी गोदामवाल्याला फोन लावला. “उद्या येऊ नका. कुत्रा द्यायचा नाही.”

“का, तेही सांगा.”

“अहो, ते... अलार्म चुकीचा बसला होता.”

“बाबा!”

बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “आणि मी काही न तपासता कुत्र्याला दोषी ठरवलं. चूक माझी.”

“मोठ्याने, बाबा. ढब्बूला ऐकू गेलं नाही.”

बाबांनी एकदा जिन्यातल्या गर्दीकडे बघितलं, मग सोफ्यावरच्या ढब्बूकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.